पीटीच्या तासाला पायरीवर बसवलेली मुले

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

शाळा सुरू झाल्या, वेळापत्रके लागली आणि पीटीचे तासही ठरले. त्या तासाला ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या कितीतरी शाळांत मैदानाच्या कडेला, पायरीवर, एक-दोन मुले बसलेली असतात. कोणाला ऑटिझम (स्वमग्नता) असतो, कोणाला डाउन सिंड्रोम, कोणी अतिचंचल म्हणून ओळखला जातो, तर कोणी नुसताच ‘वेंधळा’ म्हणून बाजूला काढलेला असतो. शेजारी मदतनीस ताई, मांडीवर पाण्याची बाटली. कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते: ऐकत नाही, पळून जातो, लागले-बिगले तर जबाबदारी कोणाची? आम्ही या मुलांना मैदानावर शिकवणारे काही क्रीडाशिक्षक आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे आणि हालचाली जमाव्यात म्हणून उपचार देणारे) आहोत. आमचे मत स्पष्ट आहे. यांतली बहुतेक मुले शिकू शकतात. त्यांना कळेल असा तास कोणी आखलेला नसतो. तो कसा आखायचा, हे शिक्षकांपर्यंत, पालकांपर्यंत आणि संध्याकाळी सोसायटीत मुलांना खेळवणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र.

आधी हक्काचे बोलू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेने या मुलांना खेळाची आणि करमणुकीची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची आहे. कलम ३० मध्ये क्रीडा उपक्रमांतल्या सहभागाची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींच्या मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या. त्यांत ५ ते १७ वयोगटातील दिव्यांग मुलांसाठीही रोज सरासरी ६० मिनिटे, दम लागेल अशी हालचाल सांगितली आहे आणि आठवड्यातून किमान ३ दिवस जोरकस व्यायाम. म्हणजे मोजमाप इतर मुलांचे आहे तेच. एक अडचण मात्र राहते. कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. अतिचंचलता (एडीएचडी) आणि हालचालींच्या समन्वयाची अडचण, म्हणजे हात, पाय आणि डोळे यांचा मेळ न बसणे, या दोन गोष्टी नाहीत. या मुलांकडे दाखवायला प्रमाणपत्र नसते, म्हणून त्यांना सवलत तर मिळत नाहीच, वर ‘धांदरट’ हे नाव मिळते. शाळेतल्या साधारण पाच टक्के मुलांना समन्वयाची ही अडचण असते. ६० मुलांच्या वर्गात तिघे झाले.

तास कुठे फसतो ते पाहू. ३५ मिनिटांचा तास, ३० मुले, एक चेंडू. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येते, उरलेली ३४ मिनिटे रांगेत उभे राहायचे. अतिचंचल मुलाला रांगेत उभे राहणे हेच सर्वांत कठीण काम, आणि तेच आपण त्याला सर्वांत जास्त देतो. ऑटिझम असलेल्या मुलाला ‘चला, मैदानाला पाच फेऱ्या मारा’ असे सांगितले, तर फेरी कुठून सुरू, कुठे संपली, पाचांतल्या किती झाल्या, हे त्याला दिसत कुठेच नाही. शिट्टी कानात सुईसारखी टोचते. समन्वयाची अडचण असलेले मूल ‘आउट’ होण्याच्या खेळात पहिल्या मिनिटात बाद होते, म्हणजे ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच सर्वांत आधी बसतो. बाद करणारे खेळ या मुलांच्या तासातून काढूनच टाकावेत, असे आमचे मत आहे. त्याऐवजी बाद झालेल्याने बाजूच्या रिंगणात तीन उड्या मारून परत आत यावे. खेळाला त्याने काही बाधा येत नाही.

उपाय महागडे नाहीत. फक्कीने किंवा रंगीत चिकटपट्टीने जमिनीवर खुणा करा: उभे राहण्यासाठी पावलांचे ठसे, जायच्या दिशेला बाण, थांबण्याच्या जागी लाल पट्टी. एका पुठ्ठ्यावर तासाची चार-पाच चित्रे क्रमाने लावा: चालणे, उड्या, चेंडू, पाणी, घरी. एक काम झाले की मुलाने स्वतःच्या हाताने ते चित्र काढून डब्यात टाकायचे. फेऱ्या मोजायच्या असतील, तर एका टोपलीत वाळूच्या पाच छोट्या पिशव्या ठेवा. प्रत्येकी शंभर-दीडशे ग्रॅमची, जुन्या जीन्सच्या कापडात शिवलेली. मूल एक पिशवी उचलते, शंकूंमधून वाट काढत पलीकडच्या टोपलीत टाकते, परत येते. इकडची टोपली रिकामी झाली की काम संपले. त्याला काही सांगावे लागत नाही, ते त्याला दिसते. ‘अजून दोनच’ असे म्हणून ऐनवेळी पिशव्या वाढवू नका. संपले म्हणजे संपले, हा शब्द एकदा मोडला की पुढच्या वेळी ते मूल टोपलीजवळ येणारच नाही, आणि त्यात चूक त्याची नसते.

सूचना एका वेळी एक, दोन-तीन शब्दांची. ‘रिंगमध्ये उडी.’ मग तोंड बंद ठेवून मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक प्रशिक्षक इथेच घसरतात: दोन सेकंदांत तीच सूचना वेगळ्या शब्दांत, मग आणखी मोठ्या आवाजात. मुलाच्या डोक्यात पहिले वाक्य अजून उलगडत असते, त्यावर दुसरे येऊन आदळते. करून दाखवताना समोर उभे राहू नका. समोरून दाखवले की डावे-उजवे उलटे होते. शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहा.

मदत कशी द्यायची यालाही क्रम आहे. नवे काम हात धरून करवून घ्यायचे, मग नुसता कोपराला स्पर्श, मग बोटाने खूण, मग काहीच नाही. प्रत्येक टप्प्यावर दहा प्रयत्न मोजा. दोन वेगवेगळ्या दिवशी दहापैकी आठ जमले तर मदत एक पायरी कमी करा. वहीत एका ओळीची नोंद पुरते. ती नसली, तर मदतनीस प्रेमापोटी वर्षभर हातच धरून ठेवतात आणि मूल हात धरल्याशिवाय उडी मारायची नाही, हेच शिकते.

झेल घेण्याचे उदाहरण थोडे तपशिलाने देतो, कारण ‘याला चेंडू पकडताच येत नाही’ ही तक्रार जवळपास प्रत्येक शिक्षकाची असते. टेनिसचा चेंडू तीन मीटरवरून फेकला की असे मूल डोळे मिटते, मान फिरवते आणि दोन्ही हात ताठ पुढे करते. चेंडू ताठ हातांवर आपटून उडतो, कधी नाकावर बसतो. दुसऱ्या दिवशी चेंडू दिसला तरी ते मागे सरते. सुरुवात फुग्याने करा. फुगा हळू खाली येतो, लागत नाही, आणि डोळ्यांना त्याच्या मागे जायला वेळ मिळतो. आधी नुसता वर ढकलायचा, मग दोन्ही हातांनी धरायचा. फुगा फुटण्याच्या आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला जुन्या ओढणीचा हातभर तुकडा द्या, तो वर उडवून पकडायचा. पुढची पायरी जमिनीवर: समोरासमोर पाय फाकवून बसायचे, मध्ये एक मीटर अंतर, मोठा हलका चेंडू घरंगळत द्यायचा. मग उभे राहून दीड मीटरवरून एक टप्पा देऊन. टप्प्यामुळे चेंडूचा वेग कमी होतो आणि आवाजाने ‘आता येतोय’ ही सूचनाही मिळते. त्यानंतर थेट, खालून, छातीच्या उंचीवर. चेंडूतली हवा थोडी कमी करून ठेवा. पिचका चेंडू हातात बसतो, टणक चेंडू निसटतो. चेंडूचा रंग मागच्या भिंतीपेक्षा वेगळा हवा, पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा चेंडू देऊ नका. मुलाने तुमच्याकडे पाहिल्याशिवाय फेकू नका, आणि दर वेळी एकच शब्द वापरा: ‘पकड’. छोट्या चेंडूकडे सर्वांत शेवटी या. काही मुलांना या सगळ्याला तीन आठवडे लागतील, काहींना सहा महिने. दोन्ही ठीक आहे.

आपले खेळ सोडून देण्याची गरज नाही, उलट ते फार उपयोगाचे आहेत. विष-अमृत हा थांबणे आणि सुटणे शिकवणारा खेळ आहे, आणि रस्त्यावर ‘थांब’ म्हटल्यावर थांबणारे मूल तयार करायचे तर याहून चांगला सराव आम्हाला माहीत नाही. फक्त ‘विष’ म्हणताना लाल आणि ‘अमृत’ म्हणताना हिरवे कापड दाखवा. लगोरीत सात ठिकऱ्यांऐवजी तीन चपटे लाकडी ठोकळे घ्या आणि नेम दोन मीटरवरून धरू द्या. लंगडीआधी एका पायावर भिंतीला हात लावून तीन सेकंद उभे राहता आले पाहिजे. ते जमत नसेल, तर दोन्ही पायांची उडी आधी पक्की करा.

खो-खोत मात्र काळजी घ्या. मूळ नियमाने खो मागून, पाठीवर तळहाताचा स्पर्श करून द्यायचा असतो. स्पर्शाला हळवे असलेल्या ऑटिस्टिक मुलाला मागून अचानक बसलेली थाप म्हणजे हल्लाच वाटतो. ते ओरडते, कधी उलटून मारते, आणि दोष ‘मारकुटा’ म्हणून त्याच्या माथी येतो. सुरुवातीला चारच मुले बसवा, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला, आणि धावणाऱ्याने समोरून येऊन हातात छोटा रुमाल द्यायचा. रुमाल मिळाला की उठायचे. वळायचे नाही, मधून जायचे नाही हे नियम महिन्याभराने, एकेक करून आणा. वर्गातली इतर मुले हा बदल मोठ्या माणसांपेक्षा लवकर स्वीकारतात. त्यांना कारण एका वाक्यात नीट सांगितले, तर तीच ‘मीच याला रुमाल देणार’ म्हणून भांडतात.

आता तब्येतीचे. नाव नोंदवताना पालकांना चार गोष्टी विचारल्याशिवाय मुलाला मैदानावर उतरवू नये: फिट येतात का, हृदयाचा काही त्रास आहे का, कोणती औषधे चालू आहेत, आणि कशाने ते बिथरते. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो, म्हणून हृदयरोगतज्ज्ञाचा कागद पाहावाच. यांतल्या काही मुलांच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात. डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय कोलांटउडी, शीर्षासन, ट्रॅम्पोलिन आणि डोक्याने फुटबॉल मारणे बंद. मान दुखणे, मान एका बाजूला धरणे, चाल अचानक बदलणे, हातांतला जोर कमी होणे, अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणे, यांतले काहीही दिसले तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सूर्यनमस्कार सरसकट सगळ्यांकडून करवून घेणाऱ्या शाळांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

औषधांचा आणि आपल्या हवेचा संबंध फार जणांच्या ध्यानात येत नाही. फिटसाठी दिले जाणारे टोपिरामेट घेणाऱ्या काही मुलांना घाम कमी येतो. मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात असे मूल लाल आणि गरम होते, पण अंग कोरडे राहते. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर तास घ्या आणि दर १५ मिनिटांनी पाणी द्या. तहान लागली म्हणून सांगेल याची वाट पाहू नका. यांतल्या अनेक मुलांना तहान, दुखणे, लघवी हे वेळेत जाणवत नाही किंवा सांगता येत नाही. म्हणून तर पाण्याचे चित्र पुठ्ठ्यावर हवे. अतिचंचलतेवरच्या मेथिलफेनिडेटने भूक मरते आणि नाडी वाढते. सकाळी न खाता आलेल्या मुलाला लगेच पळवू नका.

फिट आलीच, तर घड्याळ पाहा, मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, आजूबाजूचे सामान हटवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्याचा काहीही उपयोग नाही. पाच मिनिटांत थांबली नाही, तर १०८ ला फोन करा.

पळून जाणाऱ्या मुलांबाबत आपल्या दोन्ही शहरांत एक धोका जास्त आहे, तो पाण्याचा. ठाणे तलावांचे शहर, नवी मुंबईच्या बाजूला खाडी आणि पावसाचे-भरतीचे पाणी साठवणारे धारण तलाव. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि धोक्याची जाणीव नसते. उपवन किंवा मासुंदा तलावाकाठी फिरायला नेताना एका मुलामागे एक मोठे माणूस असलेच पाहिजे, आणि ते मुलाच्या व पाण्याच्या मध्ये चालले पाहिजे. शाळेच्या मैदानाचे फाटक तासापुरते बंद ठेवा. अशा मुलांना पोहायला शिकवणे हा छंदाचा विषय नाही, जिवाचा आहे. सुरुवात छातीपर्यंतच्या पाण्यात, एकास एक, आणि पहिले ध्येय हात मारणे नसून ‘पाण्यात पडलो तर वळून कडा पकडायची’ हे ठेवा. फिट येणाऱ्या मुलावर एका माणसाची नजर सतत हवी. त्याच्यासाठी जीवरक्षक पुरत नाही.

मूल बिथरले, जमिनीवर लोळले, कान झाकून ओरडू लागले, तर आजूबाजूची गर्दी हटवा आणि बोलणे थांबवा. कोपऱ्यात चटई टाकून शांत जागा आधीच केलेली असावी. ती शिक्षेची जागा नव्हे हे मुलाला माहीत असावे. शांत झाल्यावर जे काम त्याला नक्की येते, तिथून सुरू करा आणि तास त्यावर संपवा. हात फडफडवणे, जागच्या जागी झुलणे यांनी कोणाला इजा होत नसेल तर ते थांबवू नका. आणि एक कळकळीची विनंती: मस्ती केली म्हणून फेऱ्या मारायला लावू नका. पळणे ज्याच्यासाठी शिक्षा झाली, ते मूल मोठेपणी पळणार नाही. ज्या औषधांनी वजन वाढते ती चालू असलेल्या मुलांना तर हे फार महाग पडते. वयात येणाऱ्या मुलींचे मैदान पाळीमुळे कायमचे सुटू नये म्हणून कपडे बदलण्याची बंद जागा आणि एक शिक्षिका, एवढी सोय तरी शाळेने करावी.

व्यायामाने ऑटिझम ‘बरा होतो’ अशा जाहिराती करणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहावे. तोल, ताकद, दम सुधारतो. झोप आणि लक्ष यांतही अनेक मुलांना फायदा दिसतो. एवढे पुरेसे आहे, आणि ते मिळण्यासाठी दर महिन्याला हजारो रुपयांचे पॅकेज लागत नाही. पहिल्या आठवड्यात १५ मिनिटांचा तास घ्या, दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा, ४५ वर थांबा. चार ते सहा मुलांमागे एक प्रशिक्षक आणि एक मदतनीस असावा.

पावसाळ्याचे चार महिने मात्र खरी कोंडी होते. मैदाने चिखलाची, घसरून पडण्याची भीती, आणि आठवड्याची लागलेली सवय एकदा मोडली की मूल पुन्हा पहिल्या दिवसावर येते. म्हणून दोन्ही महापालिकांकडे आमचे मागणे आहे. प्रत्येक प्रभागात एखादे समाजमंदिर, शाळेचे सभागृह किंवा बॅडमिंटन हॉल, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी एक तास, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी या मुलांसाठी राखून ठेवावा. तीच जागा, तोच वार महत्त्वाचा. दर महिन्याला जागा बदलणार असेल तर न दिलेली बरी. सामान एका पेटीत मावते: २० शंकू, १२ सपाट रिंगा, दोन टोपल्या, १० वाळूच्या पिशव्या, वेगवेगळ्या आकारांचे सहा चेंडू, चार चटया, चित्रांचा पुठ्ठा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतोच, त्यातून हे सहज बसते. पालिकेच्या तरणतलावांवर आठवड्यातले दोन तास, गर्दी आणि स्पीकर नसलेले, याच मुलांसाठी द्यावेत.

महापालिका शाळांतल्या क्रीडाशिक्षकांना वर्षातून किमान पाच दिवसांचे प्रशिक्षण मिळावे, त्यांतले तीन दिवस मैदानावर, मुलांसोबत. शिकवणारी माणसे शोधायला लांब जावे लागत नाही. नवी मुंबई महापालिकेचे वाशीला दिव्यांगांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचे ईटीसी केंद्र आहे, खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. असा सराव कुठवर नेता येतो याचे उदाहरणही आहे: बौद्धिक अक्षमता असलेल्या दीप्ती जीवनजी हिने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये टी-२० या बौद्धिक अक्षमता असलेल्या धावपटूंच्या गटात ४०० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. प्रत्येक मूल पदकापर्यंत जाणार नाही, जायची गरजही नाही. मुख्याध्यापकांनी या आठवड्यात एवढे करावे: आपल्या शाळेत पीटीच्या तासाला पायरीवर किती मुले बसतात ते मोजावे, आणि पुढच्या सोमवारी त्यांतल्या एकासाठी पाच पिशव्या आणि दोन टोपल्या मैदानावर ठेवाव्यात.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील काही क्रीडाशिक्षक व ऑक्युपेशनल थेरपिस्ट